किलोमागे किती? खाद्यपदार्थांचा पर्यावरणभार तोलायला शिकताना

भिशीत दाखवायला म्हणून मी एकदा एक तक्ता केला होता. डावीकडे पदार्थ, उजवीकडे त्याच्या एका किलोमागे हवेत जाणारे वायू. तांदूळ, वरण, पनीर, चिकन, सगळं ओळीनं. रंगीत छापून आणला. चहा येईपर्यंत तो हातोहात फिरला, कौतुकही झालं. मग शेजारच्या काकूंनी चष्मा वर करून विचारलं, "अगं, हा तांदूळ कच्चा आणि वरण शिजलेलं? मग वरणाच्या किलोत निम्म्याहून जास्त पाणीच तोललंस की!"

काकूंनी पर्यावरणशास्त्र शिकलेलं नाही. चाळीस वर्षं घरचा शिधा काढलाय, एवढंच. पण माझ्या तक्त्यातली चूक त्यांना दिसली आणि मला दिसली नव्हती, कारण मी आकडे वाचत होते आणि त्या वजनं वाचत होत्या. आकडे तसे खरेच होते, फक्त दोन वेगळ्या ठिकाणांहून उचलून एका रांगेत बसवलेले. नव्यानं कुणाला आपल्या स्वयंपाकघरातल्या पदार्थांची अशी तुलना करायची असेल, तर कुठून सुरुवात करायची आणि आकडा हातात आला की त्याला काय काय विचारायचं, ते मी अशाच चुका करत शिकले. ते इथे क्रमानं सांगते.

संदर्भमूल्य म्हणजे काय

तुमच्या डब्यातली तूरडाळ नेमकी कुठल्या शेतातली, तिथे किती खत पडलं, ट्रक किती फिरला, हे शोधून काढणं शक्य नसतं. म्हणून संशोधक पुष्कळ शेतांची माहिती गोळा करून एका किलोमागची सरासरी काढतात. ते संदर्भमूल्य. भार अनेक तऱ्हांचा असतो: हवामान बिघडवणारे वायू, लागणारी जमीन, उपसलेलं पाणी, नदी-तळ्यांत उतरणारी खतं. प्रत्येकाचा आकडा वेगळा.

वायूंचा आकडा 'किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य' या एककात देतात. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे वायूही कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून त्यात मिळवलेले असतात. पुढे मी त्याला नुसतं 'किलो कार्बन' म्हणणार आहे. अभ्यासक नाक मुरडतील, पण वाचायला सुटसुटीत पडतं.

पायरी १: आधी एकच तक्ता निवडा

सगळ्यात जास्त वापरला जाणारा संच २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. ऑक्सफर्डचे जोसेफ पूर आणि स्वित्झर्लंडचे थॉमस नेमेचेक यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून ४० पदार्थांची मूल्यं काढली. 'अवर वर्ल्ड इन डेटा' या संकेतस्थळावर ती फुकट बघता येतात, उतरवूनही घेता येतात. फ्रान्सचा 'अ‍ॅग्रिबालीज' हा संच याहून खूप मोठा, सुमारे अडीच हजार पदार्थांचा, पण तो फ्रेंच बाजार डोळ्यांसमोर ठेवून केलेला. डेन्मार्कनंही २०२१ मध्ये ५०० पदार्थांचा संच खुला केला. त्यात डेन्मार्कच्या दुकानात मिळणारे पदार्थ आहेत.

पहिला तक्ता करताना यातला एकच संच धरा. मी पूर-नेमेचेकपासून सुरुवात करायला सांगेन, कारण त्यात जगभरची शेती आहे आणि पदार्थ कमी असल्यानं गोंधळ कमी होतो. आपल्या उपयोगाच्या काही सरासऱ्या, एका किलोमागे किलो कार्बन:

मेंढीचं मटण ३९.७
चीज २३.९
कोंबडी ९.९
अंडी ४.७
तांदूळ ४.४५
शेंगदाणे ३.२
उसाची साखर ३.२
दूध ३.१५
टोमॅटो २.१
डाळी-कडधान्यं १.८
गहू १.६
कांदा ०.५
बटाटा ०.४६

या यादीवर नजर टाकलीत की लगेच निष्कर्ष काढावासा वाटतो. थोडं थांबा.

पायरी २: आकड्याला उभं करून चार प्रश्न विचारा

*कशाचा किलो?* हा काकूंचा प्रश्न. एक किलो कच्च्या डाळीचं अडीच-तीन किलो घट्ट वरण होतं, पातळ केलं तर आणखी जास्त. तांदळाचंही तेच. म्हणून आकडा कोरड्या धान्याचा की शिजलेल्या अन्नाचा, हे आधी बघायचं. मटणाचा आकडा चरबी आणि हाड काढलेल्या मांसाचा आहे. आपण खाटकाकडून आणतो ते हाडासकट, त्यामुळे पिशवीतलं वजन जसंच्या तसं गुणलंत तर भार फुगतो. शिवाय आपल्याकडे मटण म्हणजे बहुतेक वेळा बोकड. संदर्भमूल्य मेंढीचं आहे. दोन्ही रवंथ करणारे प्राणी, त्यामुळे अंदाजाला चालतं, पण तक्त्यात तसं लिहून ठेवा.

दुधाचा किलो तर आणखी फसवा. अभ्यासांत दूध ४ टक्के स्निग्धांश आणि ३.३ टक्के प्रथिनं असलेल्या प्रमाणित दुधात बदलून घेतात. म्हशीच्या दुधात ७ टक्के स्निग्धांश आणि ३.७ टक्के प्रथिनं धरली, तर आंतरराष्ट्रीय दुग्धसंघाच्या सूत्रानं त्याचा एक किलो प्रमाणित दुधाच्या १.४ किलोइतका भरतो. गाईच्या पातळ दुधाशी म्हशीच्या दुधाची किलोला किलो तुलना केली, तर म्हशीवर अन्याय होतो. दाट दुधाचे दोन पैसे जास्त मोजणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

*कुठपर्यंत मोजलं?* काही आकडे शेताच्या बांधापाशी थांबतात, काही दुकानाच्या फळीपर्यंत येतात, काही थेट ताटापर्यंत. पूर-नेमेचेक दुकानापर्यंत येतात. वाहतूक, वेष्टन आणि वाटेतली नासाडी त्यात धरली आहे, तुमचा गॅस नाही. अ‍ॅग्रिबालीजमध्ये ताटापर्यंतचा हिशेब मिळतो. एकाची डाळ आणि दुसऱ्याचं चिकन शेजारी मांडलं, तर दोन वेगळ्या गावांपर्यंतची तिकिटं एका भावानं तोलल्यासारखं होतं.

*कुणाची सरासरी?* इथे जरा रेंगाळू या, कारण नवख्या माणसाला सगळ्यात जास्त चकवा इथेच बसतो. मांसासाठीच पाळलेल्या गुरांच्या गोमांसाचा आकडा कुठे ६० दिसतो, कुठे ९९. दोन्ही त्याच २०१८ च्या अभ्यासातले. ९९ ही सरासरी आणि ६० हा मध्यक, म्हणजे सगळ्या शेतांची चढत्या क्रमानं रांग लावली तर मधोमध उभं असलेल्या शेताचा आकडा. जंगल तोडून कुरणं केलेली थोडी शेतं इतकी वाईट असतात की ती सरासरी वर खेचून नेतात. म्हणून आकड्यासोबत 'सरासरी' की 'मध्यक' हा शब्द उतरवून घ्यायचाच.

आणि सरासरी कुठल्या मुलखाची? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं गाईच्या दुधाचा २०१५ सालचा हिशेब मांडला. दुग्धव्यवसाय पुढारलेल्या प्रदेशांत एक किलो प्रमाणित दुधामागे १.३ ते १.४ किलो कार्बन, आणि दक्षिण आशिया, आफ्रिका, पश्चिम आशिया अशा प्रदेशांत ४.१ ते ६.७. कारण सरळ आहे. जनावर दूध कमी देवो की जास्त, जगायला चारा खातंच, रवंथ करतंच, मिथेन सोडतंच. दिवसाला तीन लिटर देणाऱ्या गाईचा तो भार तीन लिटरवर पडतो, पंचवीस लिटर देणारीचा पंचवीसवर. म्हणजे पूर-नेमेचेकचा ३.१५ हा दुधाचा आकडा आपल्याकडे कमी पडण्याची शक्यता जास्त.

पण लगेच आपल्या गाईला दोषी ठरवू नका. ती शेण देते, काही ठिकाणी अजून बैल देते, कडबा खाते जो माणसाला खाता येत नाही. भार यातल्या कुणाकुणात वाटायचा हे संशोधक ठरवतो, आणि वाटणी बदलली की दुधाचा आकडाही बदलतो. हा वाद मिटलेला नाही, मला तरी मिटेलसं वाटत नाही.

*मिथेनचा भाव काय लावला?* भाताच्या खाचरात पाणी साचलं की चिखलातला प्राणवायू संपतो आणि तिथले जंतू मिथेन सोडतात. गुरांच्या पोटातही तेच घडतं. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या कितीपट तापवतो, याचा आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाचा शंभर वर्षांचा आकडा २००७ च्या अहवालात २५ होता, २०१३ मध्ये २८ झाला, २०२१ मध्ये जैविक मिथेनसाठी २७. वीस वर्षांचा हिशेब केला तर ८० च्या घरात जातो. डाळ-गव्हाला यानं विशेष फरक पडत नाही. तांदूळ, दूध आणि मटण मात्र वरखाली होतात. जुना आणि नवा अभ्यास शेजारी ठेवताना हे लक्षात असू द्या.

पायरी ३: किलो सोडा, काम धरा

एक किलो डाळ आणि एक किलो दूध, यांची तुलना करून मिळणार काय? डाळीत पाणी नसल्यातच जमा, दुधात सत्त्याऐंशी टक्के. पदार्थ आपण ज्या कामासाठी खातो, त्या कामाच्या मापात आकडा बदलून घ्यायचा.

प्रथिनांसाठी कृती सोपी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते नव्यानं काढले. त्यात ५२८ पदार्थ आहेत. तूरडाळीत १०० ग्रॅममागे सुमारे २१.७ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे किलोत २१७ ग्रॅम. डाळीचा भार १.८. आता १.८ भागिले २१७, गुणिले १००: शंभर ग्रॅम प्रथिनांमागे ०.८३ किलो कार्बन. पूर-नेमेचेकनी प्रथिनांच्या मापातली यादी स्वतःच दिली आहे, त्यात डाळी-कडधान्यं ०.८४. आपलं उत्तर जुळलं.

त्याच यादीत शेंगदाणे १.२, अंडी ४.२, कोंबडी ५.७, दूध ९.५, चीज १०.८, मेंढीचं मटण १९.९. आता परत वरची किलोची यादी बघा. तिथे दूध अंड्याच्या खाली होतं, इथे कोंबडीच्याही वर गेलं. मांसाहार सोडून पनीरवर आलेल्या माझ्या एका मैत्रिणीला हे सांगितलं, तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही.

पण भात कुणी प्रथिनांसाठी खात नाही. तो पोट भरायला, म्हणजे उष्मांकांसाठी. तांदळात किलोला साधारण ३,५६० किलोकॅलरी, तेव्हा हजार किलोकॅलरीमागे १.२५ किलो कार्बन. कणकेत किलोला ३,२००, तेव्हा ०.५. अडीचपट फरक. दुधाचं कुणी कॅल्शियमसाठी म्हणेल, तर त्या मापात दूध पुष्कळ बरं दिसेल. एकच माप सगळ्यांना लावून 'विजेता' घोषित करणारी चित्रं समाजमाध्यमांवर फिरतात. त्यांच्यावर वेळ घालवू नका.

पायरी ४: आपलं ताट तोला

आता स्वयंपाकघरातला काटा काढा. एका माणसाचं रात्रीचं साधं जेवण, सगळं कच्च्या वजनात:

तांदूळ ७५ ग्रॅम: ०.३३
तूरडाळ ४० ग्रॅम: ०.०७
कणीक ६० ग्रॅम: ०.१०
बटाटा १०० ग्रॅम: ०.०५
सूर्यफुलाचं तेल १० ग्रॅम, किलोला ३.६ धरून: ०.०४
दही १०० ग्रॅम, तेवढंच दूध धरून: ०.३२

एकूण ०.९ किलो कार्बन. ही बेरीज मी पहिल्यांदा केली तेव्हा मला अपेक्षा होती की भाजी, डाळ, तेल असं थोडं थोडं सगळ्यांत विभागलं जाईल. प्रत्यक्षात भात आणि दही या दोघांनी मिळून सत्तर टक्क्यांहून जास्त भार उचललेला. त्या ताटात दह्याऐवजी १०० ग्रॅम हाडाविना कोंबडी घातली तर बेरीज दीडपर्यंत जाते. तेवढंच मटण घातलं तर साडेचारच्या पुढे.

युरोपातल्या मार्गदर्शिका एकच सल्ला देतात: गोमांस कमी करा. तिथे तो बरोबरच आहे. पण वरण-भात-भाजी-पोळी खाणाऱ्या आणि आठवड्यातून एकदा अंडी-चिकन आणणाऱ्या मराठी घरात तो सल्ला कुठे लावणार? आपल्याकडे हलवता येण्याजोगी तरफ आहे भात, दूध आणि पनीर. हे कुठलाही परदेशी तक्ता थेट सांगत नाही. आपल्या घरच्या वजनांनी गुणल्यावरच ते दिसतं.

एका जेवणावर थांबू नका, महिन्याचं वाणसामान काढा. किराण्याची यादी आणि दूधवाल्याची वही, दोन कागद पुरतात. कॉफीचा किलोचा आकडा २८.५ बघून धक्का बसतो, पण कपाला दहा ग्रॅम पूड लागते, म्हणजे ०.२९. उलट चहातलं पन्नास मिली दूध ०.१६ एवढं किरकोळ वाटतं, पण घरात दिवसाला बारा कप होत असतील तर महिन्याचे ५७ किलो. माझ्या वहीत मटणापेक्षा चहाच्या दुधाचा भार जास्त निघाला. हिंग, मोहरी, मसाले सोडून द्या. वजनच नाही त्यांना.

पायरी ५: जो पदार्थ तक्त्यातच नाही

ज्वारी, बाजरी, नाचणी, पनीर, गूळ, आंबा, चहापत्ती: पूर-नेमेचेकच्या चाळीसांत यातलं काहीच नाही. आपलं अर्धं स्वयंपाकघर बाहेर राहिलं. दोन वाटा आहेत.

पहिली, घटकांवरून बांधणं. एक किलो पनीरला साधारण पाच किलो दूध लागतं, तर ५ गुणिले ३.१५, म्हणजे सुमारे १६. निवळीचा काही उपयोग होत असेल तर थोडं कमी. तुपाला हेच करायला गेलात तर अडकाल, कारण त्याच दुधातून ताकही निघतं आणि भार दोघांत वाटावा लागतो. मी तो स्निग्धांशाच्या किमतीवरून वाटते. दुसरं कुणी वजनावरून वाटेल. काय केलं ते शेजारी लिहून ठेवलं की झालं.

दुसरी, जवळचा पदार्थ उसना घेणं. ज्वारीसाठी मी गव्हाचा १.६ वापरते. रब्बीची ज्वारी सोलापूर-मराठवाड्याकडे जमिनीतल्या ओलीवर, कमी खतात येते, तेव्हा खरा आकडा कमी असावा असं वाटतं. पण एकरी उत्पन्नही कमी, त्यामुळे किलोमागे फार खाली जाईलच असं नाही. म्हणून गव्हाचाच आकडा घ्यायचा आणि पुढे चांदणी करायची. वरच्या ताटातल्या भाताऐवजी तेवढ्याच पिठाची भाकरी धरली तर ०.९ ची बेरीज ०.७ च्या खाली येते. चांदणीवालं उत्तर असलं तरी दिशा भरवशाची आहे, कारण ज्वारीच्या शेतात पाणी साचत नाही आणि भाताच्या मिथेनचा प्रश्नच तिथे येत नाही.

पायरी ६: पाण्याचा ताळेबंद वेगळा

पाण्याचे आकडे पाहून लोक सगळ्यात जास्त भांडतात, आणि बहुतेक वेळा दोघंही बरोबर असतात.

नेदरलँड्सचे आर्यन हूकस्ट्रा यांनी २००२ मध्ये 'जलपाऊलखूण' ही कल्पना मांडली. त्यात हिरवं पाणी म्हणजे पिकानं वापरलेला पाऊस, निळं म्हणजे नदी-विहिरीतून उपसलेलं, आणि करडं म्हणजे प्रदूषण पातळ करायला लागेल तेवढं. तिन्हींची बेरीज. या हिशेबानं कडधान्यांच्या किलोला जागतिक सरासरी ४,०५५ लिटर. पूर-नेमेचेक मात्र फक्त उपसा मोजतात, तिथे डाळी-कडधान्यांना ४३६ लिटर. नऊपट फरक! वरच्या ४,०५५ मध्ये ३,१८० लिटर नुसता पाऊस आहे. पावसावर येणाऱ्या तुरीला 'पाणी पिणारं पीक' म्हणणारा कुणी भेटला, तर त्यानं कुठला आकडा उचललाय ते कळेल. उपशाच्या मापात तांदूळ २,२४८ लिटर, गहू ६४८, दूध ६२८, बटाटा ५९.

ऊस हे आपल्या घरचं उदाहरण. जलपाऊलखूण काढली तर उसाच्या किलोला फक्त २१० लिटर, त्याच मापातल्या बटाट्याहूनही कमी! पण ऊस कुणी ताटात वाढत नाही. साखरेचा उतारा दहा-अकरा टक्के, त्यामुळे साखरेच्या किलोला सुमारे १,७८० लिटर येतात. बाकीचा थोडा भार मळी आणि चिपाडाच्या नावे जातो. आणि तरीही हा आकडा खरं दुखणं सांगत नाही. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानं नोंदवलं होतं की महाराष्ट्रात लागवडीखालच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास असलेला ऊस सिंचनाचं सुमारे ७० टक्के पाणी घेतो. किलोमागचा आकडा बरा आणि खोऱ्यातला ताण भयंकर, हे एकाच वेळी खरं असू शकतं.

कारण लिटर सगळीकडे सारखा नसतो. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथला एक लिटर, आणि एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं तिथला एक लिटर, यांची बेरीज कशी करणार? म्हणून काही संचांत टंचाईनं गुणलेले लिटर देतात. ते मिळाले तर तेच घ्या. नाही मिळाले तर पाण्याच्या रकान्यात आकड्याशेजारी 'पावसावर' की 'उपशावर', एवढा एक शब्द लिहा. तो शब्द कधीकधी आकड्यापेक्षा जास्त सांगतो.

जमिनीच्या आकड्याचंही असंच. मेंढीच्या मटणाला किलोमागे ३७० चौरस मीटर दिसतात, पण ती जमीन काळी सुपीक की जिथे कुसळीशिवाय काही उगवत नाही असा माळ, हे आकडा सांगत नाही.

पायरी ७: प्रवास आणि गॅस शेवटी

नवखे लोक इथूनच सुरुवात करतात, 'स्थानिक तेच चांगलं' म्हणून. हिशेब करून बघा. एक टन माल एक किलोमीटर न्यायला जहाजाला साधारण ०.०१ किलो कार्बन लागतो, रेल्वेला ०.०५, ट्रकला ०.२ आणि विमानाला १.१३.

कॅनडाहून मसूर सतरा हजार किलोमीटर समुद्रातून आली, तर किलोमागे ०.१७. डाळीच्या १.८ पुढे फार नाही. हापूस मात्र मुंबईहून लंडनला विमानानं जातो, ७,२०० किलोमीटर. किलोमागे आठ किलो कार्बन फक्त उड्डाणाचा. लंडनमधल्या मराठी घरात मे महिन्यात पेटी उघडली की वासाबरोबर तेही येतं. खाऊ नका म्हणत नाही मी. वर्षातून एकदा येते ती पेटी. आणि आपल्याकडचं सांगायचं तर मेथीची पाव किलोची जुडी ०.१३, ती आणायला स्कूटरवर तीन किलोमीटर जाऊन परत येणं ०.३.

गॅसचा हिशेब महिन्यावर करणं सोपं. १४.२ किलोचा सिलिंडर जाळला की सुमारे ४२ किलो कार्बन. चौघांना महिनाभर पुरत असेल तर माणशी दिवसाला ०.३५. हा आकडा वेगळ्या ओळीत ठेवा, पदार्थांत वाटत बसू नका. कडधान्य भिजवून कुकरला लावणं आणि उघड्या पातेल्यात तासभर रटरटवणं यातला फरक या ओळीत आपोआप दिसेल.

उत्तर वाचताना

माझा ढोबळ नियम असा. दोन पदार्थांत दुपटीहून कमी फरक असेल तर 'सारखेच' म्हणायचं. गहू १.६ आणि डाळ १.८ यांत कोण चांगलं यावर वाद घालणं व्यर्थ; शेत बदललं की क्रम उलटतो. तिपटी-चौपटीचा फरक असेल तर मात्र विश्वास ठेवायचा. डाळ आणि मटण यांत प्रथिनांच्या मापात वीसपटीहून जास्त अंतर आहे, ते कुठलाही तक्ता घेतला तरी मिटत नाही. दशांशानंतरचे आकडे बेरजेपुरते ठेवा, सांगताना गाळून टाका.

एकच अंकी 'पर्यावरण गुण' देणारी चिठ्ठी पाकिटावर दिसली, तर तिच्यात काय काय मिसळलंय ते बघा. वायू, पाणी, जमीन यांना कुणीतरी आपल्या मतानं वजन दिलेलं असतं. सेंद्रिय मालाला अशा गुणांत अनेकदा मार बसतो, कारण एकरी उत्पन्न कमी आणि हिशेब किलोमागे. विहिरीत न उतरलेलं कीटकनाशक त्या गुणात पुरतं दिसतच असं नाही.

आणि प्रत्येक ओळीपुढे चार गोष्टी लिहा: आकडा कुठल्या संचातला, कुठल्या सालचा, कच्च्याचा की शिजलेल्याचा, आणि उसना असेल तर चांदणी. माझ्या दुसऱ्या तक्त्यात या रकान्यांनी एवढी जागा खाल्ली की रंगीत छपाईला वावच राहिला नाही. काकूंनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "यात उरलेलं अन्न कुठे धरलंस?"

धरलं नव्हतं. आता एक रकाना वाढवलाय: आठवडाभर टाकलेलं काट्यावर ठेवायचं आणि त्या पदार्थाच्या आकड्यानं गुणायचं. शिजलेला भात असेल तर आधी अडीचनं भागायला विसरू नका.